वाट कोणाच्या भरवशावर?

ओळखीच्या एका घरातल्या मुलाला पश्चिम आफ्रिकेतल्या मालीत नोकरी चालून आली. पगार इथल्या दुप्पट. त्याची अम्मी मला म्हणाली, “भाई, मुसलमानांचा मुल्क आहे म्हणे. मग भीती कसली?” शेजारी बसलेले निवृत्त मास्तर म्हणाले, “मुसलमानांचा आहे म्हणूनच भीती.” दोघांचा तर्क एकच होता, फक्त उलट्या बाजूने धरलेला. मी त्यांना इब्न बतूताचा प्रवास सांगितला.

फेब्रुवारी १३५२ मध्ये बतूता मोरोक्कोतल्या सिजिलमासाहून सहारा ओलांडायला निघाला. वाटेत काफिल्यातला एक जण भांडणामुळे मागे रेंगाळला आणि वाळवंटात कायमचा हरवला. पुढच्या टप्प्यात सगळ्यांचा जीव एका माणसावर अवलंबून असे. त्याला ‘तकशीफ’ म्हणत. तो एकटा पुढे वलाताला जायचा, काफिला येतोय अशी खबर द्यायचा. मग तिथले लोक पाणी घेऊन चार मुक्काम सामोरे येत. तकशीफ वाटेतच मेला, तर काफिल्याकडे पाणी पोहोचतच नसे. या खेपेला त्याची मजुरी शंभर मिस्काल सोनं ठरली होती.

वलाताहून मालीच्या राजधानीपर्यंतचा रस्ता मात्र इतका निर्धोक होता, की काफिल्याची गरजच पडली नाही. बतूता एक वाटाड्या आणि मोजके सोबती घेऊन निघाला. मीठ, काचेचे मणी आणि थोडे मसाले एवढीच शिदोरी. गावोगावच्या बायका त्याच्या बदल्यात धान्य, दूध, कोंबड्या देत. परका माणूस तिथे मरण पावला, तर त्याचा माल कोणी बळकावत नसे. वारस येईपर्यंत तो विश्वासू माणसाकडे अमानत म्हणून राही. राजा मन्सा सुलेमान कंजूष आहे, अशी तक्रार करणाऱ्या बतूतानेच हे लिहून ठेवलं आहे.

आता हिंदुस्थानकडे पाहा. दहा वर्षं आधी हाच बतूता मुहम्मद बिन तुघलकाचा दूत म्हणून लवाजम्यासह दिल्लीहून निघाला होता. कोईलजवळ, म्हणजे आजच्या अलीगढपाशी, तो लुटारूंच्या हाती सापडला आणि कसाबसा वाचला. पुढे हिंदू राजांच्या मलबारात त्याला सर्वांत सुरक्षित रस्ता दिसला. अर्ध्या-अर्ध्या मैलावर विसाव्याची जागा आणि विहीर, आणि एक नारळ चोरला तरी देहदंड. रस्त्याला राजाचा धर्म कळत नाही. तिथे न्याय पोहोचतो की नाही, एवढंच कळतं.

मालीतली ती सुरक्षितता सर्वांसाठी होती, असंही नाही. परतीच्या काफिल्यात सहाशे गुलाम स्त्रिया होत्या, हेही बतूताच सांगतो. त्यांच्यासाठी तो रस्ता कसा होता, हे कोणी लिहिलेलं नाही.

त्याच मालीत २०१२ साली उत्तरेत बंड झालं, मार्चमध्ये राजधानीत लष्कराने सत्ता घेतली आणि एप्रिलमध्ये तिंबक्तू सरकारच्या हातून गेलं. अतिरेक्यांनी तिथल्या वलींच्या मजारी फोडल्या. फोडणारे स्वतःला मुसलमान म्हणवत होते. जुनी हस्तलिखितं पत्र्याच्या पेट्यांत भरून, गाड्या आणि होड्यांतून बामाकोला पोहोचवणारेही मुसलमानच होते. ७ सप्टेंबर २०२३ रोजी नायजर नदीत प्रवासी बोटीवर हल्ला झाला. सरकारी आकड्यानुसार ४९ नागरिक मारले गेले. परदेशी माणूस विमानाने निघून तरी जाऊ शकतो. या लोकांना बाजाराला, दवाखान्याला जायला तीच नदी. आणि जुलै २०२५ मध्ये कायेसच्या सिमेंट कारखान्यातून तीन भारतीय कामगारांचं अपहरण झालं.

अम्मीने विचारलं, “मग जाऊ नको म्हणू का?” मी म्हणालो, “आधी त्याला विचारू द्या. काम कोणत्या भागात आहे? विमानतळापासून तिथपर्यंत कोण नेणार? करार लेखी आहे का? तो पोहोचल्याची नोंद भारतीय दूतावासात कोण करणार?”

मुलाने एजंटला हे चारही प्रश्न विचारले. एजंटने पगाराचा आकडा पुन्हा सांगितला.

मुलगा सध्या थांबला आहे. त्याची अम्मी मात्र परवा विचारत होती, “भाई, तो वाळवंटात हरवलेला, त्याच्या घरी कोणी कळवलं असेल का हो?”