झोडणीच्या दिवसांत विहारीला

कल्पनेनं १९३९च्या सुमारास कर्जतहून खोपोलीच्या गाडीत चढलात ना? मग आता कुरकुर नको. डब्यात मोळ्या आहेत, पाय बांधलेल्या कोंबड्या आहेत, सुकटीची टोपली तर थेट तुमच्या मांडीला टेकलीय. पायांत वहाणा दिसल्या म्हणून माणसं जरा सरकून बसतात. झाली तुमची श्रीमंती सिद्ध.

खोपोलीला उतरा. घाटावरून टाटांचे जाडजूड नळ खाली येतात, इथे वीज तयार होते आणि तडक मुंबईच्या गिरण्यांकडे जाते. १९१५ पासूनचा हा रिवाज. इकडे वाडीवर रॉकेलची चिमणी, तीही जेवणं उरकेपर्यंत.

जवळच्याच विहारीच्या खळ्यावर झोडणी चाललीय. लांबून काय बघता? एक भारा उचला, आपटा. दोनच तडाख्यांत कूस मानेत, काखेत, पापण्यांत शिरली. खाजवाल तितकी भडकेल. सारवलेल्या जमिनीचा, घामाचा, ताज्या पेंढ्याचा वास एकमेकांत मिसळलाय. शेजारची ठाकरीण तुमच्याकडे बघून खुदखुदते. हसू द्या तिला.

रास पडली की बडबड थांबते. मापारी ‘लाभ’ म्हणत पहिली पायली ओततो. आधी मालकाचा खंड. मग श्रावणात खायला नेलेल्या भाताची दिढी, मणाला दीड मण. कुळाची बायको ओठ हलवत पायल्या मोजतेय. उरलेलं भात ती पदर न पसरता, सुपातच उचलते.

कादंबरीकार र. वा. दिघे याच विहारीचे. वकिली सोडून शेतीत रमलेले, म्हणजे दस्तातली मेख कळणारे आणि बांधावरचा चिखल तुडवणारेही. फडके-खांडेकरांच्या त्या ऐन दिवसांत त्यांनी ‘पाणकळा’ (१९३९) लिहिली. अद्भुताची हौस त्यांना होतीच, आणि माझ्यासारख्याला ती कधीकधी जास्त वाटते. पण शेतकऱ्याचं दैन्य दिवाणखान्यातून दिसतं तसं त्यांनी लिहिलं नाही. या राशीपाशी उभ्या राहिलेल्या माणसाचं ते लिहिणं आहे.

चला, ओटीवरून चहाचं बोलावणं आलंय. तुम्हाला कपबशी, ठाकरणीला अंगणात करवंटी. आणि आधी अंग नीट झटका. कूस घरात नेलीत तर मालकीणबाई तुम्हालाही अंगणातच बसवतील.