राखीव जंगलाचं मूळ

मुरबाडहून नाणेघाट चढून गेलं की जुन्नर तालुका लागतो. तिथल्या हिवरे गावी एका स्कॉटिश डॉक्टरच्या देखरेखीखाली सरकारी औषधी बाग होती. घाटाखाली शहापूर-मुरबाडच्या रानात आज जो फॉरेस्ट गार्ड फिरतो, त्याच्या खात्याचं कूळ याच डॉक्टरपाशी पोचतं.

हा डॉक्टर, अलेक्झांडर गिब्सन, एडिंबरात वैद्यक शिकला. तेव्हा औषध म्हणजे बव्हंशी झाडपालाच, त्यामुळे डॉक्टरला वनस्पतिशास्त्र यावंच लागे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तो मराठी शिकला आणि दख्खन-खानदेशात देवी टोचण्याच्या कामावर राहिला. १८३८ मध्ये पुण्याजवळची दापोडीची बाग त्याच्या हाती आली. हिवऱ्याहून सोनामुखीसारखी औषधं सरकारी भांडारात जात. दापोडीत त्याने एका देशी चित्रकाराकडून सुमारे १७० वनस्पतिचित्रं काढवली. ती आज एडिंबरात जपून ठेवलेली आहेत. चित्रकाराचं नाव मात्र हरवलं, आणि त्याची मला फार चुटपुट लागते.

झाडं हुडकत हिंडणाऱ्याला तोडही दिसते. डोंगर बोडके झाले की झरे आटतात, माती वाहून जाते, हे गिब्सनने सरकारच्या कानी घातलं. जहाजबांधणीच्या गोदीला लागणाऱ्या सागाचीही सरकारला काळजी होतीच. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. १८६१ मध्ये सहलेखक डालझेलसह त्याचा ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ निघाला. त्याच वर्षी रेल्वे कसाऱ्याला पोचली, म्हणजे शहापूरच्या लाकडाला मुंबई आणखी जवळ आली.

खात्याचा इथल्या कुळांशी तंटा झाला तो राबावरून, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्यावरून. ऐनाच्या झाडाच्या फांद्या तोडायच्या, ही कवळं वाळवायची. भाताच्या रोपांच्या जागेवर शेण, त्यावर कवळं, मग गवत, वर बारीक मातीचा थर. पेटवायचं ते वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे आग सावकाश धुमसत जाते, तणाचं बी मरतं आणि राख मातीत मुरते. हे करणाऱ्याला ऐन मुळासकट नको असतो, दरसाल नवी पालवी देणारा हवा असतो. लाकूड मोजणाऱ्या खात्याला मात्र असा छाटलेला ऐन खुंटलेलाच दिसला. १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलाच्या हद्दी पक्क्या झाल्या, आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांची गाऱ्हाणी इतकी वाढली की १८८५ मध्ये सरकारला त्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. गिब्सन १८६७ मध्येच वारला होता.