युट्रेख्त : रस्त्याखालचे बंदर

१/ शहरातील मालवाहतूक ट्रकवरून पुन्हा पाण्यावर आणावी, हा विचार आज युरोपात बळावत आहे. नेदरलँड्समधील युट्रेख्तने तो १९९६ मध्येच अमलात आणला. त्यामागे आठ-नऊ शतकांपूर्वीची एक रचना होती.

२/ युट्रेख्त वसले ऱ्हाईन नदीच्या एका फाट्यावर. ११२२ मध्ये सम्राट पाचव्या हेन्रीने शहराच्या हक्कांना मान्यता दिली. त्याच सुमारास वरच्या अंगाला नदीवर बांध घातला गेला. पुराचे भय ओसरले आणि शहरातील औदेग्राख्त, म्हणजे ‘जुना कालवा’, याच्या पाण्याची पातळी स्थिरावली.

३/ पाणी चढत नाही म्हटल्यावर काठावरच्या व्यापाऱ्यांनी आपली तळघरे रस्त्याखालून थेट कालव्यापर्यंत वाढवली. त्यांच्या दारांपुढे पाण्यालगत धक्के बांधले गेले. होडीतला माल धक्क्यावर उतरे आणि तिथून सरळ तळघरात जाई. जड मालासाठी काठावर शहराची यारी होती.

४/ पुढे रेल्वे आली, मोटारी आल्या. तळघरांतील कोठारे ओस पडली आणि कालांतराने तिथे उपाहारगृहे थाटली गेली. १९७० च्या दशकात तर शहराभोवतीच्या खंदकाचा एक भाग कोरडा करून त्यातून मोटाररस्ता नेला गेला.

५/ औदेग्राख्त मात्र वाचला. पण तिथे वेगळाच पेच उभा राहिला. काठावरचा रस्ता हेच तळघरांचे छत होते आणि ट्रकच्या भाराने जुन्या कमानी खचण्याची भीती होती. जड वाहनांवर निर्बंध आले. मग उपाहारगृहांना बिअरची पिंपे आणि किराणा पोहोचवायचा कसा?

६/ नगरपालिकेने १९९६ मध्ये यारी बसवलेली मालवाहू होडी कालव्यात आणली. लोक तिला ‘बिअरची होडी’ म्हणू लागले. २०१० मध्ये तिच्या जागी विजेवर चालणारी होडी आली; धूर आणि इंजिनाचा गोंगाट दोन्ही गेले.

७/ बुजवलेल्या खंदकाची कथा याहून महागडी ठरली. २००२ मध्ये नागरिकांनी सार्वमतात पाण्याच्या बाजूने कौल दिला. मोटाररस्ता उखडून खंदक पुन्हा पूर्ण वाहता व्हायला सप्टेंबर २०२० उजाडले.

८/ विजेवरची होडी कोणत्याही शहराला विकत घेता येते. माल उतरवायला मात्र पाण्यालगत धक्का लागतो. युट्रेख्तने आपले धक्के मोडले नव्हते, म्हणून त्या होडीला थांबायला जागा मिळाली.