नांव आणि काम

आमच्या महाड तालुक्यांतील रायगडावर ६ जून १६७४ रोजीं शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला, हें शाळेंतलें पोरही सांगेल. त्या सोहळ्यामागून आलेल्या कागदी कामाकडे मात्र आपलें लक्ष क्वचितच जातें. आज मला त्याविषयींच बोलावयाचें आहे. निमित्त मात्र अगदीं अलीकडचें आहे.

आंतरजालावरील कागदपत्रें वाचून माणसाचें काम परस्पर उरकणारीं कृत्रिम बुद्धिमत्तेचीं यंत्रें आतां निघालीं आहेत. त्यांना एजंट म्हणतात; मी गुमास्ता म्हणेन. या गुमास्त्याच्या हाताशीं कांहीं साधनें दिलेलीं असतात. एक कागद शोधण्याचें, दुसरें तो उघडण्याचें, तिसरें त्यांत दुरुस्ती करण्याचें. कोणतें केव्हां उचलावें हें तो साधनाचें नांव आणि त्याखालच्या दोन-चार ओळी वाचून ठरवितो. साधनाच्या पोटांत काय आहे तें त्याला दिसत नाहीं. त्या ओळी कशा लिहाव्या, असें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मला विचारलें, आणि मला रायगडचा कारभार आठवला.

महाराजांच्या आज्ञेवरून झालेला राज्यव्यवहारकोश रघुनाथपंत हणमंते यांच्या नांवें प्रसिद्ध आहे. दरबारांतील फारसी शब्दांना त्यांत संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. वर्ग दहा, त्यांत शस्त्रांचा एक, दुर्गांचा एक, लेखनाचा एक. प्रधानांचींही नांवें पालटलीं. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री. नांवें भारदस्त खरीं. पण अमात्य, सचिव आणि मंत्री हे शब्द अमरकोशांत जवळजवळ एकाच अर्थानें शेजारीं शेजारीं बसलेले आहेत. मग दूरच्या ठाण्यांतील कारकुनानें जमाखर्चाचा कागद धाडावा कोणाकडे?

याचें उत्तर कोशांत नाहीं. तें अष्टप्रधानांचीं कामें नेमून देणाऱ्या कानुजाबत्यांत आहे. अमात्यानें सर्व राज्याचा जमाखर्च तपासावा. सचिवानें राजपत्रें पाहून त्यांतील अधिक-उणें अक्षर शुद्ध करावें. मंत्र्यानें राजकारणाचा विचार, आमंत्रण-निमंत्रण आणि वाकनिशी सांभाळावी. एकेकास मोजकींच वाक्यें. पण तीं वाचल्यावर घोटाळा उरत नाहीं. कोशकाराची विद्वत्ता मोठी, तरी कारभार चालतो तो जाबत्यानें, असें माझें मत आहे.

यंत्राच्या गुमास्त्याचें असेंच आहे. ‘कागद शोधा’ आणि ‘कागद पाहा’ अशीं दोन साधनें त्याच्यापुढें ठेवलीं, आणि पहिलें केवळ मथळ्यांची यादी देतें, मजकूर देत नाहीं, हें लिहिलेंच नाहीं, तर तो मथळ्यांवरूनच मजकूर ताडून खुशाल उत्तर देईल. साधन काय करतें, त्याला कागदाचें नांव लागतें कीं पत्ता, तें परत काय देतें, आणि कोणत्या कामीं तें वापरूं नये, इतकें तरी लिहिलेंच पाहिजे. उघडलेल्या कागदांत कोणीं ‘अमुक खोडून टाका’ असें लिहून ठेवलें असेल, तर तो निव्वळ मजकूर, धन्याची आज्ञा नव्हे, हेंही बजावावें. शिवकालीं पत्राच्या शेवटीं मर्यादेची मुद्रा उठवीत; तिच्याखालीं वाढविलेली ओळ कोणी हुकूम म्हणून मानीत नसे.

हें मी शहाणपण मिरविण्यासाठीं सांगत नाहीं. २२ जुलै २०२१ रोजीं पोलादपुराकडून येणाऱ्या सावित्रीचें पाणी महाडांत शिरलें. पूर ओसरल्यावर मदतीच्या सामानाच्या खोलीवर मी बसत असें, आणि डब्यांवरच्या चिठ्या मींच लिहीत असें. तुरटीचा डबा आणि ब्लीचिंग पावडरचा डबा, दोहोंवर माझ्या वळणदार अक्षरांत एकच मजकूर होता: ‘पाणी शुद्ध करण्याची पूड’. खोटें त्यांत कांहींच नव्हतें. एक बाई दुसऱ्या डब्यांतली ओंजळभर पूड घेऊन पिण्याच्या हंड्याकडे निघाली. उग्र वासावरून शेजारणीनें तिचा हात धरला म्हणून निभावलें. “गुरुजी, कोणती कशाला तें कां नाहीं लिहिलें?” हाताखालच्या मुलानें विचारलें. तें सर्वांना ठाऊकच असतें, असें मी धरून चाललों होतों.

त्याच रात्रीं कंदिलाशीं बसून मीं दोन्ही चिठ्या नव्यानें लिहिल्या. एकीवर: ‘तुरटी. गढूळ पाणी निवळण्यासाठीं. हिनें रोगजंतू मरत नाहींत. निवळलेलें पाणी उकळूनच प्यावें.’ दुसरीवर: ‘ब्लीचिंग पावडर. विहीर व टाकी यांसाठीं. माप आरोग्यसेवकास विचारून घ्यावें. हंड्यांत टाकूं नये.’ मुलानें त्या मोठ्यानें वाचून पाहिल्या, आणि मग डब्यांना डकविल्या.