अप्रत्यक्ष कथन (इंग्रजी व्याकरण)

बोलणाऱ्याचे शब्द अवतरणचिन्हांत न देता निवेदकाच्या वाक्यात गुंफून सांगण्याची इंग्रजीतील रचना. मुख्य क्रियापद भूतकाळी असेल, तर आतल्या क्रियापदाचा काळ सहसा एक पायरी मागे सरकतो. ‘ही सेड, आय ॲम टायर्ड’ याचे ‘ही सेड दॅट ही वॉज टायर्ड’ होते. ‘टुमारो’च्या जागी ‘द नेक्स्ट डे’ येते. हो-नाही उत्तराच्या प्रश्नात ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ येऊन क्रियापद कर्त्यानंतर जाते, तर आज्ञेसाठी ‘टू’युक्त रूप पुरते. मराठीत ‘तो म्हणाला की मी दमलोय’ असे मूळ काळ व पुरुष राखून सर्रास बोलतात. त्याच वळणाने मराठी विद्यार्थी ‘ही सेड दॅट आय ॲम टायर्ड’ लिहितो आणि दमलेला ठरतो तो स्वतःच! डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’ (१९२४) या ग्रंथात काळाच्या या माघारीची चर्चा केली आहे. शालेय तक्त्यांमुळे हा बदल यांत्रिक वाटतो, पण तसा तो नाही: सांगितलेली गोष्ट अजूनही खरी असेल, तर वर्तमानकाळ तसाच ठेवलेला चालतो.