अमेरिकेतील भावनिक ध्रुवीकरण

स्वपक्षाविषयी जिव्हाळा आणि विरोधी पक्षाच्या समर्थकांविषयी नावड, अविश्वास वा तिरस्कार वाढत जाण्याच्या प्रक्रियेस भावनिक ध्रुवीकरण असे म्हणतात. धोरणविषयक मतभेदांहून ही प्रक्रिया वेगळी आहे. करआकारणी किंवा आरोग्यसेवा यांविषयी दोन मतदारांची मते जवळची असूनही त्यांच्यात पक्षनिष्ठेमुळे कटुता असू शकते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील डेमोक्रॅटिक व रिपब्लिकन पक्षांच्या संदर्भात या संकल्पनेचा विशेष अभ्यास झाला आहे.

मापन

शांतो अय्यंगार, गौरव सूद आणि इफ्ताख लेल्केस यांच्या २०१२ सालच्या शोधनिबंधामुळे हा विषय चर्चेत आला. आपल्या अपत्याने विरोधी पक्षाच्या समर्थकाशी विवाह केल्यास नाराजी वाटेल, असे १९६० मध्ये सुमारे ५ टक्के उत्तरदात्यांनी सांगितले होते. २०१० मध्ये हे प्रमाण डेमोक्रॅटांत सुमारे एक तृतीयांश, तर रिपब्लिकनांत जवळजवळ निम्मे होते. मात्र दोन्ही वेळच्या प्रश्नांची शब्दरचना तंतोतंत सारखी नव्हती. दुसरी पद्धत 'भावना-तापमापका'ची असून तीत मतदार प्रत्येक पक्षाला ० ते १०० गुण देतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस विरोधी पक्षाला सरासरी पन्नासच्या आसपास गुण मिळत. २०२० पर्यंत ते विसाच्या जवळ आले.

कारणे

१९६४ चा नागरी हक्क कायदा व १९६५ चा मतदान हक्क कायदा यांनंतर दक्षिणेकडील श्वेतवर्णीय मतदार हळूहळू रिपब्लिकन पक्षाकडे वळले. वंश, धर्म आणि प्रदेश यांच्या सीमारेषा पक्षांच्या सीमारेषांशी जुळू लागल्या. त्यामुळे निवडणुकीतील पराभव हा आपल्या संपूर्ण समूहाचा पराभव वाटू लागतो, असे लिलियाना मेसन यांनी २०१८ मधील ग्रंथात मांडले आहे. समाजमाध्यमांकडेही बोट दाखवले जाते; परंतु इंटरनेटचा सर्वांत कमी वापर करणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांत ध्रुवीकरण अधिक वाढल्याचे २०१७ च्या एका अभ्यासात दिसून आले.

गैरसमज व सहानुभूती

डग्लस अ‍ॅहलर आणि गौरव सूद यांच्या २०१८ मधील अभ्यासानुसार, वार्षिक अडीच लाख डॉलरहून अधिक उत्पन्न असलेले रिपब्लिकन ४४ टक्के असावेत, असा डेमोक्रॅटांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते सुमारे २ टक्के होते. रिपब्लिकनांचे डेमोक्रॅटांविषयीचे अंदाजही असेच चुकीचे ठरले.

सहानुभूतीचा अभाव हे ध्रुवीकरणाचे मूळ मानले जाते. एलिझाबेथ सिमस व सहकाऱ्यांच्या २०२० मधील संशोधनाने या समजाला छेद दिला. परदुःखाचा कळवळा अधिक असलेल्या व्यक्तींत भावनिक ध्रुवीकरण कमी नव्हे, तर अधिक आढळले. हा कळवळा सर्वांना सारखा न लाभता प्रामुख्याने स्वपक्षीयांच्या वाट्याला येतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

उपाय व मर्यादा

एरिक सँटोरो व डेव्हिड ब्रुकमन यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दोन्ही पक्षांच्या समर्थकांना परस्परांशी बोलते केले. राजकारणाबाहेरच्या विषयावरील गप्पांनी कटुता कमी झाली; पण तीन महिन्यांत हा परिणाम जवळपास ओसरला. मतभेदांवरील चर्चेने कटुता घटल्याचे दिसले नाही. कटुता कमी झाल्याने लोकशाही मूल्यांवरील निष्ठा आपोआप वाढते का, याबाबतही अभ्यासकांत एकमत नाही.