गाणं आणि मागच्या रांगेतला फौजी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा शाळेच्या घंटेआधी मला एक गाणं आठवलं.

1962 साली मी पाचवीत होतो. आपल्या येडशीत तेव्हा रेडिओ मोजकेच. बार्शीकडून येणाऱ्या छोट्या रेल्वेनं वर्तमानपत्र यायचं आणि गुरुजी ते वर्गात वाचून दाखवायचे. ‘हिंदी-चिनी भाई-भाई’ ही घोषणा आम्हां पोरांनाही पाठ होती. 20 ऑक्टोबरला चीननं हल्ला केला आणि महिनाभरात तीच घोषणा शिवीसारखी वाटू लागली. प्रभातफेऱ्या निघाल्या. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी आम्ही घरोघर डबा फिरवला.

गाण्यांचा सूरही पालटला. शेजारच्या बार्शीचे शाहीर अमर शेख हे लाल बावटा कलापथकातले, कामकऱ्यांची गाणी गाणारे. त्यांनीही कम्युनिस्ट चीनच्या आक्रमणाविरुद्ध आवाज लावला. लोकांचं मत किती झपाट्यानं फिरलं होतं, ते यावरून कळावं.

21 नोव्हेंबरला चीननं युद्धबंदी जाहीर केली. आपल्या वाट्याला पराभव उरला. कृष्ण मेनन यांना जावं लागलं, संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. पुढं 27 जानेवारी 1963 रोजी दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लता मंगेशकरांनी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ गायलं. शब्द कवी प्रदीप यांचे, संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांचं. आवेशाच्या गाण्यांना जे जमलं नव्हतं, ते या गाण्यानं केलं. हरलेल्या देशाला मोकळेपणानं रडू दिलं.

याच प्रदीप यांचं एक गाणं 1943 च्या ‘किस्मत’ चित्रपटात होतं. दुसरं महायुद्ध चालू होतं. गाण्यात जर्मन-जपान्यांचं नाव होतं, म्हणून इंग्रजांच्या सेन्सॉरनं ते जाऊ दिलं. प्रेक्षकांनी मात्र ते इंग्रजांनाच उद्देशून आहे असं ओळखलं आणि डोक्यावर घेतलं. लिहिणारा लिहितो, ऐकणारा आपल्या मनातलं ऐकतो.

हे मला पुढं पुस्तकांतून कळलं. पण त्याचा अनुभव आधीच आला होता. 26 जानेवारी 1964 ला गुरुजींनी मला झेंड्यासमोर लताबाईंचं ते गाणं म्हणायला उभं केलं. बायाबापड्यांनी पदर डोळ्यांला लावले. मी फुशारून गेलो. मागच्या रांगेत सुट्टीवर आलेला एक फौजी बसला होता. कार्यक्रम संपल्यावर त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, “गोड म्हणलास, बाळा. पर आमच्या अंगावर थंडीची कापडं का नव्हती, हे कुणी इचारलं का?”

मला उत्तर सुचलं नाही. मोठ्यांपैकीही कुणी बोललं नाही.

पुढं इतिहास वाचताना समजलं की, त्या पराभवाची चौकशी झाली होती. पण हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारनं अजूनही अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. गाण्यानं आपलं दुःख हलकं केलं, हा त्याचा मोठेपणा. रडून झाल्यावर प्रश्न विचारायचे राहून गेले, हा दोष गाण्याचा नाही. ऐकणाऱ्या आपला आहे.

मित्रहो, स्नेहमेळाव्यात ते गाणं कुणीतरी लावेलच. मीही म्हणेन, डोळेही भरून येतील. पण मागच्या रांगेकडे एकदा नक्की पाहीन.